तांदूळ वाढलेत

मला ‘सहसंशोधक’ म्हणतात. म्हणजे म्हणत होते. आता कोणी म्हटलं तर मी हातातली कात्री तशीच उगारून विचारीन, काय म्हणालास, परत म्हण! ब्लाउजला अस्तर लावणारी बाई मी. बारावीपर्यंत शिकले, मग मशीन घेतलं. संशोधक कधी झाले ते माझं मलाच कळलं नाही. पण झाले होते खरी. गळ्यात ओळखपत्र होतं, त्यावर माझा फोटो होता, आणि त्या फोटोत मी हसत होते. बावळट कुठली.

आमचं गाव रेवसच्या अलीकडे, खाडीला लागून. पूर्वी मिठागरांचं गाव होतं. बांध फुटले, कोणी बांधले नाहीत, आगरं भरतीच्या पाण्याखाली गेली आणि आता तिथे तिवरांचं रान माजलंय. पोरं उरणकडे कंटेनरच्या कामावर गेली, नाहीतर कामोठ्याला भाड्याच्या खोलीत. मागे राहिल्या त्या म्हाताऱ्या. एकेका घरात एकेक म्हातारी. त्यांच्यासाठी मुंबईच्या एका संस्थेने दुपारचा डबा सुरू केला होता. रांधायच्या गावच्याच बचत गटाच्या बायका. भात, वरण, कधी वालाचं बिरडं, आणि कोणाच्या घरी सुकट भाजली असली तर तिची चिमूटभर चटणी वर.

माझी काकी त्या डब्यावर जगत होती. उगाच बोलायचं म्हणून नाही सांगत, खरोखरच जगत होती. दुपारी अर्धा भात खायचा आणि अर्धा झाकून ठेवायचा, तोच रात्रीचा. माझी आई मी लहान असतानाच गेली, तेव्हापासून काकीने मला वाढवलं. काका गेले, आगर गेलं, तिचा एकुलता एक मुलगा ड्रायव्हर झाला आणि शिमग्याला, गणपतीला तोंड दाखवू लागला. मी लग्न होऊन गावातच, तिच्यापासून चार घरं पलीकडे. रोज तिचा डबा मीच नेऊन द्यायची. माझ्या घरचं ताट नेलं तर मात्र खायची नाही. “तुज्या सासूला काय वाटंल?” म्हणायची. सासूला जाऊन वर्षं झाली होती, पण काकीला ते सोयीने आठवायचं नाही. डबा मात्र तिला चालायचा, कारण तो सगळ्यांना येत होता. त्यात कोणाचं मिंधेपण नव्हतं.

तर हा डबा पुढे चालू ठेवायचा की बंद करायचा, हे संस्थेला ठरवायचं होतं. त्यासाठी त्यांनी विद्यापीठात शिकवणाऱ्या एका बाईंना अभ्यास करायला सांगितलं. त्या आमच्या मॅडम.

पहिल्या बैठकीला त्या भाऊच्या धक्क्यावरून लाँचने आल्या. रेवसला उतरून सहाआसनी रिक्षात सगळ्यांसारख्या कोंबून बसून आल्या. समाजमंदिरात कोणीतरी त्यांच्यासाठी खुर्ची पुढे केली. त्यांनी ती भिंतीकडे सारली आणि आमच्यात सतरंजीवर मांडी घालून बसल्या. झालं, तिथेच आम्ही विरघळलो. आजवर आमच्याकडे जो कोणी आला तो खुर्चीतूनच बोलला, आणि ही एवढी शिकलेली बाई माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसली.

“तुम्ही आमच्या अभ्यासाचा विषय नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही आमच्या जोडीदार आहात. आपण मिळून शोधू, मिळून लिहू.”

काकी माझ्या मागे होती. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “जोडीदार म्हंजे? लगीन लावते का काय ही आमच्याशी?”

मी तिला कोपर मारलं. मला ते बोलणं फार आवडलं होतं. खोटं कशाला सांगू, कोणीतरी आपल्याला बरोबरीने वागवतंय याचं मला इतकं अप्रूप वाटलं की त्या दिवशी घरी जाऊन मी नवऱ्याला सगळं दोनदा ऐकवलं. तो म्हणाला, “बरं, ब्लाउज झालं का त्या सरपंचीणबाईंचं?” मेल्याला कशाचं काही नाही.

गावातल्या लिहितावाचता येणाऱ्या आम्ही काही जणी निवडल्या गेलो. मॅडमबरोबर त्यांचे विद्यार्थी होते, आणि त्यांच्या जोडीने आम्ही घराघरांत जायचं, बायकांना बोलतं करायचं, रेकॉर्ड करायचं, मग ते उतरवून काढायचं. एक नियम मॅडमनी पहिल्याच दिवशी घातला, की बायका जे शब्द वापरतील तेच लिहायचे. आपल्या पदरचा एक शब्द घालायचा नाही.

त्यावर मीच हात वर केला. कारण मला दिसत होतं, गाडी कुठे अडणार ते.

आमच्या म्हाताऱ्या घरातलं धान्य ‘संपलं’ असं मरेपर्यंत म्हणणार नाहीत. संपलं हा शब्द चुलीजवळ उच्चारायचाच नाही. तांदूळ वाढले म्हणायचं. पीठ वाढलं, मीठ वाढलं. लहानपणी मी एकदा “काकी, तेल संपलं गो” म्हणून ओरडले होते, तर तिने पळी घेऊन मला अंगणभर पळवलं होतं. ‘जाते’ म्हणायचं नाही, ‘येते’ म्हणायचं. बांगडी फुटली तरी ती वाढलीच. हे तुम्हालाही माहीत असेल, घरोघर होतं. पण त्या विद्यार्थ्यांना कुठून माहीत असणार? त्यांच्या घरी सामान मोबाइलवरून येतं.

मी हे सगळं सांगितलं. विद्यार्थी एकमेकांकडे बघायला लागले. मॅडम मात्र एकदम खुलल्या. टाळी वाजवून हसल्या.

“अगं, माझी आई अस्संच म्हणायची! मीठ वाढलंय, पळ वाण्याकडे. आणि मी लहानपणी विचारायचे, वाढलंय तर आणायचं कशाला?”

सगळे हसलो. मग त्या गंभीर झाल्या आणि विद्यार्थ्यांना म्हणाल्या, “हे फार महत्त्वाचं आहे. बाई ‘वाढलं’ म्हणाली की ते तसंच लिहा, आणि पुढे कंसात ‘संपलं’ असं लिहा. विसरू नका.” माझ्याकडे वळून म्हणाल्या, “बघ, म्हणूनच तू हवी आहेस मला. हे मला पुस्तकात सापडलं नसतं.”

त्या दिवशी मी घरी जाताना हवेत चालत होते.

काकी बोलायला तयार नव्हती. “आपल्या घरातला बाहेर कशाला सांगाचा? ते येतील, पेटीत भरून नेतील, आन् उद्या मुंबयला सगल्यांना ऐकवतील, का ही म्हातारी उपाशी हाय म्हनून.” मी तिच्या मागे लागले. डब्यासाठी हे करायचंय, म्हटलं. खरं सांगितलं नाही तर ते डबा बंद करतील. आणि मॅडम आपल्यातल्याच आहेत, त्यांना सगळं कळतं, तुला उघड काही बोलावं लागणार नाही. हे शेवटचं तिला पटलं. कारण उघड बोलणं तिच्या जिवावर येत होतं.

मॅडम स्वतः आल्या तिच्याकडे. काकीने धुतलेलं लुगडं नेसून, केसांना पाणी लावून, ओटीवर चटई घातली होती. कोरा चहा केला. दूध नाही हे उघड बोलायला नको म्हणून म्हणाली, “आमी कोराच पितो, तब्येतीला बरा.” मॅडमनी तो चहा घोट घोट घेत प्यायला. मी रेकॉर्डर मध्ये ठेवला.

मॅडमनी विचारलं, “काकी, डबा नसता तर घरात रांधायला काय असतं?”

काकीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, “तांदूल वाडलेत. गनपतीपासून वाडलेत. पीठ वाडलंय. त्याल त कवाच वाडलाय.”

बोलली आणि तिने मान फिरवली. आयुष्यात पहिल्यांदा ती परक्या माणसासमोर हे बोलली होती. मॅडमनी तिचा हात हातात घेतला. त्यांचे डोळे भरले होते, मी बघितलेत माझ्या या डोळ्यांनी. मला अजूनही वाटतं की ते पाणी खरं होतं, आणि त्याचाच जास्त संताप येतो. ढोंगी बाई असती तर मी ओळखली असती, चार शिव्या घालून मोकळी झाले असते.

घरी येऊन मी ते उतरवून काढलं. काकीचे शब्द जसेच्या तसे, आणि प्रत्येक वाक्यापुढे कंस. संपलं. संपलं. संपलं. मॅडमनी ते वाचून मला फोन केला, “किती छान केलंयस.” आम्ही सगळ्या घरांचं असं करून दिलं. जवळपास प्रत्येक म्हातारीच्या तोंडी तोच शब्द होता.

मग बरेच महिने काही कळलं नाही. आणि एक दिवस निरोप आला, अलिबागला सभागृहात निष्कर्ष मांडायचे आहेत, सगळ्या काकी-मावश्यांना घेऊन या, गाडी पाठवतो.

आम्ही नटूनथटून गेलो. काकी जरीकाठाचं लुगडं नेसली होती, तिच्या मुलाच्या लग्नातलं. वाटेत थळच्या वळणावर तिने खिडकीतून बाहेर बघत विचारलं, “आता डबा पक्का व्हयल ना गो?” मी म्हटलं, होईल, पक्का होईल, काकी.

सभागृहात एसी होता. काकी कुडकुडत होती, मी माझी ओढणी तिच्या खांद्यावर घातली. संस्थेची माणसं पुढच्या रांगेत. मॅडम बोलायला उभ्या राहिल्या, आमच्या सगळ्यांकडे बघून हसल्या, आणि म्हणाल्या, “हे संशोधन माझं नाही, या बायकांचं आहे. म्हणून मी त्यांच्याच शब्दांत सुरुवात करते.”

पडद्यावर एक फोटो आला. सुरकुतलेला हात, कोऱ्या चहाचा कप. तो काकीचाच हात होता, त्यावरचं गोंदण मी कुठेही ओळखीन. आणि फोटोखाली ठसठशीत अक्षरांत, शुद्ध करून:

तांदूळ वाढलेत. पीठ वाढलंय. तेलही वाढलंय.

कंस नव्हता.

मला आधी वाटलं राहिला असेल चुकून. पुढच्या चित्रावर दुसऱ्या एका मावशीचं वाक्य, तेही बिनकंसाचं. मग तिसरीचं. आणि मॅडमचा आवाज, सतरंजीवरचा तोच मऊ आवाज, सांगत होता की योजनेमुळे एकट्या राहणाऱ्या स्त्रियांच्या घरातला धान्यसाठा कसा सुधारला, त्या स्वतःच्या पायावर कशा उभ्या राहिल्या, आणि म्हणून आता या गावातून टप्प्याटप्प्याने बाहेर पडणं कसं योग्य ठरेल.

माझे कान बंद झाले. खरंच काही ऐकू येईना. काकी माझा हात हलवत होती. “काय लिवलाय गो? माजाच हात ना तो? वाच ना.”

मी वाचलं. काय करणार? तिचेच शब्द होते. तिने ते ऐकले आणि लाजली. एवढ्या मोठ्या पडद्यावर आपलं बोलणं! आणि सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं, म्हणून माझ्या काकीनेही टाळ्या वाजवल्या.

मी उभी राहिले. “मॅडम, हे चुकलंय. वाढलंय म्हणजे...” माइक नव्हता माझ्याकडे. मॅडमनी हात दाखवला, “प्रश्न आपण शेवटी घेऊ या.” शेवटी जेवणाची वेळ झाली, आणि संस्थेच्या साहेबांना पुढे कुठे तरी जायचं होतं. प्रश्न राहिले.

मी त्यांना हात धुण्याच्या जागी गाठलं.

“कंस कुठे गेले, मॅडम?”

त्यांनी विचारलंही नाही की कसले कंस. टिश्यूने हात पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, “कंस आपली भर होती ना गं. बायकांचे मूळ शब्द जसेच्या तसे ठेवायचे, हेच ठरलं होतं आपलं. एक अक्षर बदललेलं नाही मी.”

“तुमची आई मीठ वाढलं म्हणायची तेव्हा तुम्ही वाण्याकडे पळत होता ना?”

त्यांचा चेहरा उतरला. क्षणभर वाटलं, आता ही बाई म्हणेल, चुकलं, चल आत जाऊन सांगू या. पण त्यांनी माझा दंड धरून मला कोपऱ्यात नेलं, आणि अगदी जिवाभावाने समजावायला लागल्या. “हे बघ, नीट ऐक. इतकी वर्षं डबा देऊन अजून घरात दाणा नाही, असं लिहिलं असतं तर संस्थेने योजना फसली म्हणून गुंडाळली असती. पुन्हा कुठेच सुरू झाली नसती. आता यशस्वी झाली म्हटल्यावर ते दुसऱ्या तालुक्यात नेतील. किती बायकांचं भलं होईल, विचार कर.”

“आणि आमच्या बायकांचं?”

“तुमचं गाव आता आदर्श आहे,” त्या म्हणाल्या. “आणि अहवालावर तुझंही नाव आहे, माझ्या नावाच्या खाली. सहसंशोधक म्हणून.”

केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. ओरडून कापला असता तर मीही ओरडले असते. त्यांनी माझ्या गालाला हात लावला आणि जेवायला गेल्या. मला त्या वेळी सुचलं नाही ते आता रोज मशीनवर बसल्या बसल्या सुचतं. दुसऱ्या तालुक्यातल्या बायकांच्या ताटात वाढायला माझ्याच काकीचं ताट ओढायचं, आणि तेही तिच्याच तोंडून! आम्हाला विचारलं असतं तर? मिळून शोधायचं होतं ना? मिळून लिहायचं होतं ना? मग हे एकटीने कधी ठरवलं हिने, कोणत्या सतरंजीवर बसून?

मी गप्प बसले नाही, तेही सांगते. संस्थेच्या ऑफिसात गेले. तिथला माणूस सभ्य होता. त्याने पाणी दिलं, अहवाल काढून पुढे ठेवला आणि म्हणाला, “ताई, हे तुमच्याच बायका बोलल्यात ना? आणि हे तुमचंच नाव ना?” मी कंसाचं सांगायला लागले. ‘वाढलं’ म्हणजे ‘संपलं’, असं सांगताना मलाच ऐकू येत होतं की मी वेडी वाटतेय. तो समजूतदारपणे मान हलवत राहिला. मॅडमना फोन केले. आधी त्या मीटिंगमध्ये होत्या, मग परदेशात होत्या, मग फोन वाजून वाजून बंद व्हायचा.

पाऊस संपता संपता डबा बंद झाला. बचत गटाच्या बायकांनी मोठी पातेली घासून समाजमंदिरात पालथी घातली. आणि मग गावाला कळलं, पडद्यावर काय लिहिलं होतं आणि त्याचा अर्थ काय लावला ते. कोणाच्या तरी कॉलेजात जाणाऱ्या नातीने अहवाल वाचून दाखवला, खालच्या नावासकट.

भांडायला कोणी आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं. नळावर मी गेले की बोलणं थांबायचं. एक मावशी, जिचं वाक्य काकीच्या मागोमाग पडद्यावर होतं, मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, “जपून बोला गो, लिवून घेईल.” मी तिथल्या तिथे कळशी आपटली. “मी कंस घातला होता, मावशी! माझ्या हाताने घातला होता!” तिला काय समजणार कंस? ती तिची कळशी भरून निघून गेली. मी नळावर एकटीच ओरडत होते.

काकीकडे मात्र मी जात राहिले. दुसरं कोण होतं तिला? माझ्या घरचं ताट झाकून न्यायची. ती नाही म्हणायची नाही आता, हेच मला खुपायचं. पूर्वी सासूचं निमित्त काढून वाद घालायची, हसायची, शेवटी परत पाठवायची. आता मुकाट्याने ताट घ्यायची आणि आत नेऊन ठेवायची. खाल्लं की नाही कळायचं नाही. मुलाने कामोठ्याला ये म्हणून फोन केला होता, तिने त्याला काही कळवलं नाही.

परवा गेले तेव्हा ती ओटीवर बसून खाडीकडे बघत होती. गाल बसले होते, लुगडं अंगावर सैल झालेलं. शिवणारीच्या नजरेला माप चुकत नाही. आदल्या दिवशीचं माझं ताट तिथेच झाकलेलं होतं. मी तिच्या पायाशी बसले, तिचा हात धरला आणि विचारलं, “काकी, खरं सांग गो मला. काल जेवलीस का?”

तिने हात सोडवून घेतला. रागाने नाही, अगदी हळू. माझ्याकडे बघितलं, दारात आलेल्या परक्या माणसाकडे बघावं तसं, आणि म्हणाली, “कोनासाठी इचारतेस?”